एका अक्षराचा फरक आणि पूर्वजांचा शोध

भद्रावती हे नगर एकच आहे. त्याची नावे मात्र अनेक आहेत. तालुक्याच्या दप्तरात ते भद्रावती आहे, रेल्वे स्थानकाच्या नावात ते भांदक आहे आणि इंग्रजी अमदानीतील कागद वाचताना कोणी त्याचा उच्चार भांडक असाही करतो. ज्या जिल्ह्यात हे नगर वसले आहे तो पूर्वी चांदा होता, आज चंद्रपूर आहे. परंतु १९७७ साली स्थापन झालेल्या आणि बल्लारपूर येथे केंद्र असलेल्या सिरो-मलबार धर्मप्रांताने चांदा हेच जुने नाव जपून ठेवले आहे. नावे निराळी म्हणून ही नगरे किंवा हे जिल्हे निराळे, असे कोणताही अधिकारी म्हणत नाही. मात्र याच नगरातील एखाद्या नागरिकाच्या आजोबांचे आडनाव एका कागदावर ‘मडावी’ आणि दुसऱ्यावर ‘माडवी’ असे निघाले, की हे दोघे एकच कशावरून, असा प्रश्न उभा राहतो. गावाच्या नावाला आपण जी समजूत दाखवतो, ती माणसाच्या नावाला का दाखवू नये, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न आजच का तीव्र झाला?

पूर्वजांचा शोध हा एके काळी हौसेचा किंवा श्राद्ध-सोयरिकीपुरता विषय होता. आज तो हक्काचा विषय झाला आहे. महाराष्ट्रात जातीच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचा २००० सालचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. त्यानुसार आपली जात किंवा जमात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा महत्त्वाच्या मानल्या जातात. त्यामुळे आज अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशासाठी आपल्या आजोबा-पणजोबांचा कागद शोधावा लागतो, आणि त्या कागदावरील माणूस आपलाच पूर्वज आहे हेही दाखवावे लागते.

दुसरे निमित्त मतदार याद्यांचे आहे. २०२५ साली बिहारमध्ये आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून नऊ राज्ये व तीन केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी हाती घेण्यात आली. त्यांत आपल्या शेजारची छत्तीसगड व मध्य प्रदेश ही राज्ये होती, तसेच गोवा आणि केरळही होते. सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या यादीतील स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या नावाशी आजच्या नावाची सांगड घालणे हा या कामाचा गाभा होता. पश्चिम बंगालमध्ये वडिलांच्या नावातील तफावतीसारख्या विसंगतींवरून मतदारांना नोटिसा गेल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये अशी नावे जाहीर करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला द्यावे लागले.

तिसरे निमित्त जन्मनोंदीचे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकासाठी शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, पारपत्र इत्यादी कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरणार आहे. म्हणजे पहिल्या दिवशी लिहिलेले अक्षर आता जन्मभर सोबत करणार आहे.

लेखणी कोणाची, लिपी कोणती?

आडनावातील फरक हा बहुधा लबाडीचा पुरावा नसून प्रवासाचा पुरावा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रदेश हे याचे उत्तम उदाहरण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात येथील दप्तर मोडीत लिहिले जाई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द एकमेकांना जोडून लिहिले जातात. त्यामुळे नाव कोठे संपले व आडनाव कोठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांचा अंमल आला. इंग्रजीत ‘ड’ आणि ‘द’ यांना एकच अक्षर, ‘अ’ आणि ‘आ’ यांनाही एकच. इंग्रजीत उतरलेले ‘गेडाम’ पुन्हा नागरीत येताना ‘गेदाम’ होऊ शकते. ‘आत्राम’ हे ‘अत्राम’ किंवा ‘अट्रम’ होऊ शकते.

वर्धा नदीपलीकडील राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि पुढे राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यानंतर तो नांदेडला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. तेथील जुने दप्तर उर्दूत आहे, आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. दक्षिणेकडील सिरोंचा भागात तेलुगूचा प्रभाव आहे. तेथे घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर येते. तेलुगू प्रदेशात ‘त’ हा उच्चार इंग्रजीत लिहिताना त्यापुढे ‘ह’चे अक्षर जोडण्याची रीत आहे. म्हणून प्राणहितेच्या एका तीरावरचा आत्राम आणि दुसऱ्या तीरावरचा आत्राम यांची इंग्रजी अक्षरे जुळत नाहीत, जरी दोघांचे कुळ एकच असले तरी.

यात गावच्या कोतवालाचेही स्थान आहे. विदर्भात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल पंजीत सापडतात. कोतवालाने तोंडी खबर द्यायची आणि दुसऱ्या कोणी ती लिहायची, असा तो व्यवहार होता. अशा नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव आणि जात असते, आडनाव नसतेच. ते पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी ऐकले तसे लिहिले. गोंडी बोलणाऱ्या पालकाचा उच्चार मराठी गुरुजींच्या कानाला जसा पडला, तसे ते आडनाव कायम झाले.

सामान्य माणसांचे सोडा, हुतात्म्यांची नावेही यातून सुटली नाहीत. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या वीर बाबूरावांचे आडनाव कोठे शेडमाके, कोठे सेडमाके, तर कोठे शेडमके असे छापलेले आढळते. शेजारच्या तेलंगणात आदिवासी हक्कांसाठी लढताना १९४० साली मारल्या गेलेल्या कुमरम भीम यांच्या नावाने जिल्हा आहे. त्या नावाचेही कोमाराम, कुमुरम असे पाठ प्रचलित आहेत. म्हणून हे वीर एकाहून अधिक होते, असे कोणी मानत नाही.

नदी ओलांडली आणि जमात हरवली

अक्षरांच्या या गोंधळात स्थलांतराची भर पडली, आणि तिचे परिणाम अधिक गंभीर झाले. १९५६ च्या यादीनुसार विदर्भात गोंड आदी जमातींना अनुसूचित जमातीचा दर्जा सर्वत्र नव्हता. तो अमरावतीतील मेळघाट, चांद्यातील गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तहसिलींपुरता होता. भांदक तेव्हा वरोरा तहसिलीत होते; ती तहसील या यादीत नव्हती. वणी आणि वरोरा यांच्यामध्ये केवळ वर्धा नदी आहे. एका तीरावर जो अनुसूचित जमातीचा होता, तोच रोजगारासाठी नदी ओलांडून आला की कागदोपत्री तसा राहत नव्हता. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने दूर झाले. पण मधल्या वीस वर्षांत जी मुले शाळेत गेली, त्यांच्या नोंदीत जमात लिहून काही लाभ नाही असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. तीच मोकळी राहिलेली जागा आज नातवंडांना आडवी येते.

भद्रावती परिसर तर स्थलांतरितांनीच घडवलेला आहे. वरोऱ्याच्या कोळशाने एकोणिसाव्या शतकातच येथे मजूर आणले. पुढे माजरीच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना आणि १९६० च्या दशकात भद्रावतीजवळ उभा राहिलेला आयुधनिर्माणी कारखाना यांनी देशभरातील कुटुंबांना येथे ओढले. त्याच सुमारास पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी-मुलचेरा भागात वसविण्यात आले. त्यांचे ‘बिश्वास’ मराठी कचेरीत ‘विश्वास’ झाले. ताडोबाच्या जंगलातून बोटेझरीसारखी गावेच्या गावे हलविली गेली. गाव हलले की त्या गावाचे साक्षीदार पांगतात, आणि मग कागदाशिवाय बोलणारे कोणी उरत नाही.

आपल्या केरळीय बंधुभगिनींचा अनुभवही याच प्रकारचा आहे. केरळमध्ये घराण्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आद्याक्षरे यांची रीत महाराष्ट्रातील नाव-वडील-आडनाव या चौकटीत बसत नाही. एकाच संताचे नाव चर्चच्या वहीत जॉर्ज, घरात वर्गीस आणि शाळेत वर्की असे असते. जेकब हा चाक्को होतो, जोसेफ हा औसेप होतो. वडिलांचे नाव येथे मुलाचे आडनाव बनते, आणि तिसऱ्या पिढीत आजोबा, वडील व नातू या तिघांची आडनावे तीन होतात. वसई आणि गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांना डिसोजा-डिसूझा हा घोळ परिचित आहेच. तेव्हा हा केवळ आदिवासींचा प्रश्न आहे, असे आपल्यापैकी कोणी समजू नये.

सारखे आडनाव म्हणजे सारखे कुळ नव्हे

येथे एका उलट चुकीपासूनही सावध राहिले पाहिजे. अक्षरे जुळली म्हणजे नाते जुळले, असे नाही. मेश्राम हे आडनाव विदर्भातील गोंडांत आहे आणि बौद्ध समाजातही आहे. उलट आदिलाबादकडील केसलापूर येथे नागोबाच्या जत्रेस जमणारे कुळ स्वतःला मेसराम म्हणवते. तेथे ‘श’चा ‘स’ झाला तरी गोंड मेश्राम आणि मेसराम एकमेकांना ओळखतात. कारण गोंड समाज नाते आडनावाच्या अक्षरांवरून ठरवत नाही, तर चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या देवसंख्येवरून, मूळ गावावरून आणि सोयरिकीवरून ठरवतो. शोध घेणाऱ्याने हाच धडा घ्यावा. नाव हा साखळीचा एक दुवा आहे. गाव, शेतजमीन, आजोबांचे भाऊ, आत्यांची सासरे, देवसंख्या हे इतर दुवे त्याला जोडले गेले तरच साखळी पक्की होते.

कायद्याची भूमिका

पडताळणी नकोच, असे आम्ही म्हणत नाही. खोट्या प्रमाणपत्रांच्या आधारे आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत, ही महाराष्ट्रातील दुःखद वस्तुस्थिती आहे. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली ती याच कारणाने, आणि २०१७ साली त्याच न्यायालयाने खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी टिकू शकत नाही असे स्पष्ट केले. भद्रावती-गडचिरोलीच्या खऱ्या आदिवासी मुलांचे रक्षण त्यातून होते.

परंतु त्याच न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये असेही सांगितले की, जमातीच्या चालीरीतींशी असलेल्या आप्तभावाची चाचणी ही एकमेव कसोटी मानता येणार नाही. स्वातंत्र्यपूर्व व संविधानपूर्व कागदांना मोठे मोल आहे. रक्ताच्या नात्यातील व्यक्तीला रीतसर चौकशीनंतर वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्यालाही महत्त्व आहे. येथेच आडनावाचे अक्षर कळीचे ठरते. काकांचे प्रमाणपत्र ‘सिडाम’ नावाने आणि पुतणीचा दाखला ‘सीदाम’ नावाने असेल, तर नाते सिद्ध करण्याचा भार पुन्हा त्या मुलीवरच येतो.

वनहक्क कायदा, २००६ याने या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे. इतर पारंपरिक वननिवासींना तो तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा मागतो. पण त्याच्या नियमांत जुन्या अभिलेखातील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हेही पुरावे म्हणून मान्य आहेत. ज्या जंगलात कागद पोहोचलाच नाही, तेथे माणसाची स्मृती हाच अभिलेख असतो, हे तत्त्व त्यात आहे. हेच तत्त्व इतर कचेऱ्यांनीही अंगीकारावे, आणि मोडी, उर्दू व तेलुगू जाणणाऱ्या वाचकाचे मत घेतल्याशिवाय केवळ अक्षरभेदावर कोणताही दावा फेटाळू नये, अशी आमची अपेक्षा आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने शासनाने कुणबी नोंदींसाठी मोडी व उर्दू दप्तरे तपासली. जे तेथे शक्य झाले ते चंद्रपूर-गडचिरोलीतही अशक्य नाही.

पवित्र शास्त्राचा प्रकाश

या प्रश्नाकडे पाहताना पवित्र शास्त्रातील तीन प्रसंगांचे स्मरण होते. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावर माणसांना एक शब्द उच्चारायला सांगतात. ज्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणता येत नाही, जो ‘सिब्बोलेथ’ म्हणतो, त्याचा वध होतो. एका ‘श’ आणि ‘स’च्या फरकावर माणसाचे भवितव्य ठरवणे किती क्रूर असू शकते, हे त्या कथेइतके स्पष्ट कोठेही दिसत नाही.

एज्रा पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची यादी आहे. काहींना आपले पूर्वज सांगता आले नाहीत. याजकांच्या एका घराण्याने तर सासरच्या बर्जिल्लयाचे नाव लावले होते. वंशावळीच्या वहीत त्यांची नोंद सापडली नाही आणि त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. तरीही परतलेल्यांच्या गणनेतून त्यांची नावे वगळली गेली नाहीत, आणि अंतिम निर्णय अधिक प्रकाश मिळेपर्यंत राखून ठेवला गेला. कागद सापडला नाही म्हणजे माणूस परका झाला, असे तेथे मानले गेले नाही.

आणि तिसरा प्रसंग आपल्या तारणाऱ्याच्याच वंशावळीचा आहे. योसेफाच्या पित्याचे नाव मत्तय याकोब असे देतो, तर लूक हेली असे देतो. विद्वानांनी याचे नाना प्रकारे स्पष्टीकरण केले. परंतु ख्रिस्तसभेने दोहोंपैकी एकही पान फाडले नाही, एकही अक्षर खोडून दुसऱ्यासारखे केले नाही. दोन्ही साक्षी तिने जपल्या.

धर्मग्रामांनी काय करावे?

हीच वृत्ती आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांत उतरली पाहिजे. लॅटिन आणि पौर्वात्य या दोन्ही कायदेसंहितांनी बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या ठेवणे धर्मग्रामावर बंधनकारक केले आहे. अशी वही दुसऱ्या कागदाला जोड देणारी मोलाची साक्ष ठरू शकते. त्यासाठी काही गोष्टी आवर्जून पाळाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, जुनी नोंद कधीही खोडू नये किंवा ‘शुद्ध’ करू नये. आज प्रचलित असलेले रूप शेऱ्याच्या रकान्यात तारखेसह, सहीनिशी लिहावे. घरातील जुना दाखला गिरवून अक्षर जुळवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने खरा दावाही खोटा ठरतो, आणि ते पापही आहे व गुन्हाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती नावासोबत बालकाचे जन्मदाखल्यावरील नाव, आडनाव, मूळ गाव आणि कुटुंबाची इच्छा असल्यास जमातही लिहावी. ख्रिस्ती झाल्याने आदिवासीचे आदिवासीपण आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटले आहे. मात्र शाळेतला ‘सोमा’ आणि चर्चमधला ‘जोसेफ’ एकच आहेत हे लिहून ठेवणारे कोणी नसेल, तर पुढे अडचण येते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक कुटुंबाने घरातील वडीलधाऱ्यांपुढे बसून वंशावळ लिहून घ्यावी. नुसती नावे पुरेशी नाहीत. प्रत्येक व्यक्तीचे गाव, ते सोडल्याचे अंदाजे वर्ष आणि कारण, शेताचे नाव, बहिणी कोठे दिल्या हेही लिहावे. मग कोतवाल पंजीची नक्कल, शाळेचा दाखल-खारीज उतारा, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी असे कागद त्या वंशावळीला जोडावेत. प्रत्येक कागदापुढे तो मूळ कोणत्या लिपीत आहे हे नोंदवावे. जो फरक समजावून सांगितला जातो, तो संशयाचा राहत नाही.

चौथी गोष्ट नवजात बालकांविषयी. जन्मनोंदीपूर्वी आईवडिलांच्या आधार कार्डावरील आणि शाळेच्या दाखल्यावरील अक्षरे ताडून पाहावीत. नावावर प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यातील बदल सरसकट नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केले आहे. तथापि राजपत्रात केलेला बदल पुढच्या काळासाठी असतो, आजोबांचा कागद त्याने बदलत नाही.

धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक, तलाठी कचेरीतील कामाची माहिती असलेले बंधू आणि तेलुगू वा उर्दू वाचू शकणाऱ्या भगिनी यांनी महिन्यातून एक रविवार मिस्सेनंतर या कामासाठी दिला, तर कितीतरी कुटुंबांची वणवण वाचेल. ही सेवा आपल्या धर्मग्रामस्थांपुरती मर्यादित असू नये. शेजारच्या गोंड, बंगाली, बौद्ध कुटुंबांनाही तिचे दार उघडे असावे. नाझरेथचे एक गरीब कुटुंबही एकदा सम्राटाच्या आज्ञेवरून नावनोंदणीसाठी पूर्वजांच्या गावी गेले होते आणि त्याला उतरायला जागा मिळाली नव्हती. आज जे आपली फाईल छातीशी धरून कचेरीच्या दाराशी उभे आहेत, त्यांना निदान आपल्या दाराशी तरी जागा मिळो. वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांची साक्ष लिहून घेण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.